फिटलेल्या कर्जाचा हप्ता

शेवटचा हप्ता भरून कांजीबाई घरी आली आणि चपला काढता काढताच धडधडीत खोटं बोलली.

"अजून बरंच आहे. चाललंय तसंच चालू दे."

लेकानं मान खाली घातली. तो बापासारखाच मऊ, ओल्या फडक्यासारखा. पिळाल तसा पिळला जायचा. सून मात्र त्या घाटाची नव्हती. तिनं इस्त्री शर्टाच्या पाठीवरून सर्रकन फिरवली आणि विचारलं, "बरंच म्हणजे किती, आई?"

"तुझ्या जिभेएवढं."

झालं, विषय मिटला. घरात एकच भाजी शिजत राहिली, चहात दूध पडायचं ते नुसतं रंगापुरतं, आणि नातीच्या फ्रॉकची दुमड दर वर्षी थोडी थोडी उसवून फ्रॉक पोरीबरोबर वाढत राहिला.

खरं तर कर्ज पै न् पै फिटलं होतं. थोरल्या दिरानं कागद तिच्यासमोर फाडला होता. तिनं त्याचे कपटे वेचून पदरात बांधून आणले आणि कपडे उकळायच्या भट्टीत घातले. जळेपर्यंत ती तिथंच उभी होती. मग पदर झटकून आत आली आणि वरचं ते खोटं बोलली.

गल्ली तिला कांजीबाई म्हणायची, ते काही नुसतं लाँड्री होती म्हणून नव्हे. कांजी जास्त झालेल्या कॉलरसारखी तिची मान होती. मोडेल पण वाकणार नाही. ती मान एकदाच वाकली होती, नवरा गेला तेव्हा. मोठं मशीन घ्यायला त्यानं थोरल्या भावाकडून पैसे उचलले होते. मशीन आलं, बसवलं, आणि वर्षाच्या आत तोच गेला. घरातलं रडणं थांबायच्या आधी थोरला कागद घेऊन हजर. म्हणाला, "धाकटे, इथं अंगठा दे." रडक्या डोळ्यांना अक्षर दिसत नाही, आणि हिला तर हसऱ्या डोळ्यांनीही धड वाचता येत नव्हतं. तिनं अंगठा दिला. नंतर कळलं, रस्त्यावरचा पुढचा गाळा व्याजात गेला आणि मुद्दल जसंच्या तसं राहिलं.

वरच्या मजल्यावर थोरल्याची लॉज होतीच. आता तिचं ऑफिस कांजीबाईच्या गाळ्यात आलं. जिथं तिच्या नवऱ्याचं टेबल होतं तिथं थोरल्याची फिरती खुर्ची आली. धुणं-इस्त्री मागच्या दोन खोल्यांत ढकललं. तिथं जायचं तर कचऱ्याच्या डब्यांवरून बोळातून जावं लागायचं. निम्मी गिऱ्हाइकं त्या वासानंच तुटली. वर लॉजच्या सगळ्या चादरी फुकट धुवायच्या, कशापायी, तर म्हणे मुद्दलाच्या व्याजापोटी. एकदा कांजीबाई पुढच्या दारानं आत शिरली तर चार पाहुण्यांदेखत थोरला म्हणाला, "कर्जदारानं पुढच्या दाराकडे बघू नये, मान दुखते." पाहुणे हसले. तो दात न दाखवता हसणारा एक टाय घातलेला माणूस कांजीबाईला अजून आठवत होता.

आणि जाऊबाई? ती यायची पातेल्याचं झाकण उचलायला. "अगं बाई, दोन भाज्या? मग कर्ज कोण फेडणार?" नातीच्या केसांत नवी रिबीन दिसली तरी जाऊबाईच्या पोटात कळ यायची. दुसऱ्याच्या ताटातला घास मोजायची सवय काही माणसांना जन्मतःच असते. पण त्या मोजण्यानंच कांजीबाईला काटकसर शिकवली. एका भाजीवर माणूस मरत नाही हे तिला जाऊबाईनंच दाखवून दिलं. मग कर्ज फिटल्यावर ती विद्या वाया का घालवायची?

कागद फाडला त्या दिवशीच ती थोरल्याला म्हणाली होती, "भावजी, एक करा. फिटलं म्हणून घरी सांगू नका. पोरांच्या हातात पैसा टिकत नाही."

"आणि आमच्या चादरी?" थोरल्यानं लगेच विचारलं.

"धुते की. धूत होते तशाच. घरचंच आहे."

थोरल्याचा चेहरा उजळला. भिंत पातळ होती. संध्याकाळी पलीकडून तो जाऊबाईला सांगताना ऐकू आला, "धाकटीला अक्कल कमी आहे हे माहीत होतं. मुळातच नाही हे आज कळलं."

कांजीबाई इकडे अभ्र्यांना नीळ देत होती. तिनं पाण्यात हात घोळवला आणि मनात म्हणाली, हस बाबा, हसून घे.

तिला त्या चादरी हव्या होत्या. फुकट धुवायला लागल्या तरी हव्या होत्या. माणूस तोंडानं खोटं बोलेल, धुणं बोलत नाही. ज्या पलंगावर कुणी झोपलं, त्याची चादर मध्यात चुरगळते. ज्यावर कुणी झोपलंच नाही, ती घडीच्या रेषेवर पिवळी पडते. सुरुवातीला रोज भलं मोठं बोचकं यायचं, सगळ्या चादरी मध्यात चुरगळलेल्या. हळूहळू घडीवर पिवळ्या पडलेल्या वाढल्या. मग एक दिवस एक चादर अशी आली की कांजीबाईनं ती दोरीवर टाकायच्या आधी उजेडात धरली. मध्यात झिजलेली चादर उभी चिरून, कडेचे धड भाग मध्ये घेऊन कुणीतरी पुन्हा शिवली होती. हा उद्योग गरजूच्या घरचा. लॉजवाला असलं करत नाही, नवी घेतो. टाका जाऊबाईचा होता, तिरका, घाईचा. पाठोपाठ थोरल्याचे शर्ट आले, कॉलर उसवून उलट्या बाजूनं बसवलेले.

"काय बघताय एवढं?" सुनेनं विचारलं.

"पेपर वाचतेय," कांजीबाई म्हणाली.

हप्त्याच्या दिवशी ती पूर्वीसारखीच निघायची. पाय तेच, पिशवी तीच, फक्त पैशाचं तोंड बदललं होतं. बोळातून बाहेर पडून ती डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे बँकेत जायची. काउंटरवरची मुलगी अंगठा घ्यायची आणि नवा आकडा वाचून दाखवायची. आकडा ऐकला की कांजीबाईच्या जिवाला थंड पाण्याचा शिपका बसल्यासारखं वाटायचं. इतर बायका देवाकडे मागतात तसं ती त्या आकड्याकडे मागायची. मागणं एकच होतं. थोरल्याच्या बुडाखालची ती खुर्ची आणि खुर्चीखालचा तो गाळा. आणि त्याच्या डोळ्यांदेखत.

एका महिन्यात काम फारच कमी आलं. हप्त्याला पैसे पुरेनात. तेव्हा सुनेनं कानातलं काढलं आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं.

"हे घ्या. माझ्या आईनं दिलेलं आहे, सोनं खरं आहे. हप्ता चुकला तर तुमच्या त्या जाऊबाई पुन्हा आपल्या पातेल्यात नाक खुपसतील. मला ते बघवत नाही."

त्या घडीला कांजीबाईला खरं सांगता आलं असतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण भिंतीपलीकडे थोरला कुणाशी तरी बोलत मोठ्यानं हसला, आणि ते हसू कानात गेलं. तिनं कानातलं उचललं, मोडलं आणि बँकेत टाकलं. ओठांवरचं खरं गिळलं. गिळायची तिला सवय होती. इतकी वर्षं दुसरं खाल्लं काय होतं!

मग एक दिवस घरं-दुकानं विकणारा दलाल शर्टाला इस्त्री करून घ्यायला आला. बिनशर्टाचा स्टुलावर बसून पाय हलवत तो म्हणाला, "काकू, कुठं बोलू नका. तुमचा पुढचा गाळा विकायला निघालाय. लॉज गळ्याशी आलीय साहेबांच्या."

"मला काय करायचंय," कांजीबाई म्हणाली. तिनं शर्ट त्याच्या हातात दिला तो एकाच बाहीची इस्त्री झालेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धुतलेली साडी नेसली, दलालाला बरोबर घेतलं आणि पुढच्या दारानं आत गेली. थोरल्यासमोरच्या खुर्चीवर न सांगता बसली. खुर्चीही नवी राहिली नव्हती. बसल्याबरोबर एका बाजूला कलली.

"काय गं, वाट चुकलीस?" थोरला म्हणाला.

"नाही, सापडली. गाळा मी घेते."

थोरला आधी हसला. मग दलालाकडे बघितलं. दलाल छताकडे बघत होता. कांजीबाईनं बँकेचं पुस्तक टेबलावर सरकवलं. थोरल्यानं ते उघडलं, वाचलं, बंद केलं आणि पुन्हा उघडलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेला, आणि ते उतरणं कांजीबाईनं डोळे भरून बघितलं. मिठाई हळूहळू चघळून खावी तसं.

"कुठून आणलेस?"

"माझ्या पातेल्यातून. जाऊबाईंना विचारा, त्यांना आतलं सगळं माहीत आहे."

"आणि मी तुला विकेन असं वाटतं तुला?"

दलालानं खाकरून घसा साफ केला. "साहेब, दुसरं गिऱ्हाईक हप्त्यानं देईन म्हणतंय. तुम्हाला तर सोमवारच्या आत रोख पाहिजे."

थोरल्यानं पुस्तक तिच्याकडे परत सरकवलं. मग त्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली. सुंभ जळला होता, पीळ शाबूत होता.

"ठीक आहे. घे. पण या किमतीला नाही. सव्वापट दे. नाहीतर आत्ता मागं जातो आणि तुझ्या लेकाला, सुनेला सांगतो की कर्ज कधीच फिटलंय. म्हातारी तुमच्या पोटाला चिमटा घेऊन आपलं घबाड भरत होती."

कांजीबाईनं पुस्तक उचलून पिशवीत घातलं. मनातल्या मनात हिशेब केला. सव्वापट जमलेच नसते असं नाही. ओढूनताणून, मशीन गहाण टाकून झाले असते. पण या माणसासमोर पुन्हा मान वाकवायची? पुन्हा कर्ज?

"सांगा," ती म्हणाली आणि उठली. "चला, बोळातून जावं लागतं. डब्यांचा वास येईल, नाकाला रुमाल धरा."

तिला वाटलं होतं तो कचरेल. तो कचरला नाही. पुढं थोरला, मागं कांजीबाई, तिच्या मागं दलाल, अशी वरात मागच्या दारात येऊन उभी राहिली. लेक मशीनमधून कपडे काढत होता. सून टेबलक्लॉथवर पाणी शिंपडत होती.

"सूनबाई," थोरला गोड आवाजात म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं. तुमचं कर्ज दोन वर्षांपूर्वीच फिटलंय. ही तुमची सासू तुम्हाला अर्धपोटी ठेवून बँकेत पैसे साठवतेय. मला तुमची दया येते. असल्या बाईच्या हाताखाली राबण्यापेक्षा तुम्ही दोघं माझ्याकडे या. लॉजवर काम देतो, रोख पगारावर."

सुनेनं इस्त्री उभी करून ठेवली. लेकाच्या हातातला ओला टॉवेल तसाच ठिबकत राहिला.

"आई," तो म्हणाला, "खरंच?"

कांजीबाईनं टेबलावरचा एक अभ्रा उचलून घडी घालायला घेतला.

"मागल्या वर्षी पोरीची शाळेची सहल होती. मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, कर्ज आहे." एवढंच बोलून तो टॉवेल पिळायला लागला. पिळून झालेला टॉवेल त्यानं पुन्हा पिळला. कांजीबाईला वाटलं, यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

सून मात्र थोरल्याकडेच बघत होती.

"दोन वर्षं, काका?"

"दोन वर्षं. वर थोडे महिनेच."

"नक्की ना? नंतर शब्द फिरवाल."

"मी या हातांनी कागद फाडलाय! हा दलाल ऐकतोय, याच्यादेखत मी खोटं कशाला बोलू?"

"नाही, नाही. तुम्ही खरंच बोलताय." सुनेनं हात पुसले. "मग या दोन वर्षांत तुमच्या लॉजच्या चादरी आम्ही कशापायी धुतल्या?"

थोरल्यानं वळून कांजीबाईकडे बघितलं.

"चादरी व्याजापोटी धुवायच्या असं ठरलं होतं. कर्जच नव्हतं, तर व्याज कुठलं? रोजचं बोचकं, चादरी, अभ्रे, टॉवेल, शिवाय तुमचे उलट्या कॉलरचे शर्ट. बाहेरच्याला जो दर, तोच तुम्हाला."

"अगं, ते घरचं म्हणून..."

"घरचं? घरच्या माणसांना कुणी कचऱ्याच्या डब्यांवरून जायला लावतं का?"

दलालाला हसू आवरेना. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"धाकटे!" थोरला ओरडला. "आवर हिला!"

आता खरं सांगायचं तर कांजीबाईच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. चादरी म्हणजे तिच्या लेखी बातमीची किंमत होती, दिली आणि विसरली. त्या चादरींचा असा आसूड वळता येतो हे तिला आत्ता, सुनेच्या तोंडून कळत होतं. आणि तो आसूड ज्या पाठीवर पडत होता ती पाठ बघून उभं राहून राहून तिच्या पायांत भरलेली कळसुद्धा थांबली.

"मी कशी आवरू?" ती म्हणाली. "माझं कधी ऐकलंय तिनं? गल्लीत कुणालाही विचारा."

"मी विकतच नाही जा!"

"मग सोमवारी बँकेच्या माणसाला काय सांगायचं, साहेब?" दलालानं विचारलं.

थोरल्यानं दाराची चौकट धरली. मग म्हणाला, "गाळ्याच्या किमतीतून वजा करा." ते इतकं हळू बोलला की सून म्हणाली, "काय? मशीनच्या आवाजात ऐकू नाही आलं." त्याला दुसऱ्यांदा बोलावं लागलं.

तो बोळातून गेला. मागोमाग दलाल गेला. कांजीबाई स्टुलावर बसली, आणि मनात लाह्या फुटाव्या तसं हसू फुटणार, तोच सून समोर येऊन उभी राहिली.

"आता तुमचा हिशेब, आई."

"माझा कसला?"

"माझं कानातलं."

"बँकेत आहे. म्हणजे... गाळ्यात जाईल."

"जाऊ दे. गाळा माझ्या नावावर होईल."

"जीभ झडो तुझी! पैसे माझे आहेत!"

"पैसे आमच्या पोटातले आहेत. त्यांचं कर्ज होतं म्हणून आम्ही सोसलं. कर्ज नसताना सोसायला लावलं, ते आम्ही तुम्हाला दिलेलं उसनं. तुमच्या जाऊबाई निदान झाकण उचलून बघायच्या. तुम्ही झाकणच शिवून टाकलंत."

"अगं, जरा सबुरीनं..." लेक म्हणाला.

"तू गप्प बस!" सासू म्हणाली, आणि "तुम्ही मध्ये पडू नका!" सून म्हणाली, दोन्ही एकाच श्वासात.

"आणि नाही केलं तुझ्या नावावर तर?" कांजीबाईनं विचारलं.

"मग उद्यापासून ही इस्त्री तुम्ही धरा. पुढच्या दारात बसा आणि धरा."

कांजीबाईनं आपल्या मनगटाकडे बघितलं. वर्षानुवर्षं इस्त्री ओढून ते सुजून गाठीसारखं झालं होतं. आता त्याला चहाचा पेलासुद्धा जड व्हायचा. सुनेला हे माहीत होतं, म्हणूनच तिनं नेमका तिथं घाव घातला होता. कांजीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तिळपापडाच्या तळाशी मात्र दुसरंच काहीतरी होतं. या पोरीनं एका वाक्यात थोरल्याची मान वाकवली होती, जी कांजीबाईला इतक्या वर्षांत वाकवता आली नव्हती. आणि ती हे शिकली कुठं? या दोन खोल्यांत, त्या एका भाजीवर.

"कर तुझ्या नावावर," ती म्हणाली. "पण खर्चाचा हात मोठा केलास तर तंगडं मोडीन."

"आधी तुमचं कर्ज फेडा, मग बोला," सून म्हणाली आणि इस्त्री उचलली. गार झाली होती. पुन्हा लावली.

कागद करायच्या दिवशी नोंदणीच्या सरकारी ऑफिसात बाकावर थोरला आणि जाऊबाई एका टोकाला, ही तिघं दुसऱ्या टोकाला. जाऊबाई पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळत होती आणि सोडत होती. थोरल्यानं सह्या केल्या. सुनेनं ठळक, गोल अक्षरांत सही केली. कांजीबाईला साक्षीदार म्हणून अंगठा उठवायला सांगितलं. मागच्या वेळी अंगठा दिला तेव्हा काय लिहिलंय ते तिनं विचारलं नव्हतं. या वेळी तिनं कारकुनाला अख्खा कागद मोठ्यानं वाचायला लावला. कारकून वैतागला. वाचलं त्यानं, काय करतो!

बाहेर पायऱ्यांवर थोरल्यानं तिला गाठलं. त्याला एक शेवटचा घाव घालायचा होता, तेवढी धग त्याच्यात उरली होती.

"शेवटी तुला काय मिळालं, धाकटे? पोटाला मारलंस, घरच्यांचे शाप घेतलेस, आणि नाव सुनेचं लागलं."

"भावजी," कांजीबाई म्हणाली, "गाळा कुणाच्या नावावर जातो याचं मला काही नव्हतं. मला तो तुमच्या हातातून सुटताना बघायचा होता. बघितला. आता तुम्ही सुखानं जगा. खूप वर्षं जगा. रोज त्या दारावरून जाताना आठवा."

तो पायऱ्या उतरून गेला. जाऊबाई मागं वळून न बघता त्याच्या मागं गेली. ती दोघं अगदी खाली पोचेपर्यंत कांजीबाई कठड्याला धरून बघत राहिली. एक क्षणही तिनं डोळा मिटला नाही.

लेक आणि सून कागद घेऊन केव्हाच पुढं निघाले होते. सून सासूसाठी थांबली नाही. कागदाची पिशवी छातीशी धरून ती तरातरा चालली होती आणि तिची मान, कांजीबाईनं पाहिलं, अगदी ताठ होती. थोरला म्हणजे काहीच नव्हता, कांजीबाईच्या मनात आलं. तो लोभी होता, लोभी माणूस कुठंतरी घसरतोच. ही लोभी नाही. हिचा हिशेब चुकता करायचा तर फार दमानं घ्यावं लागेल. आणि अंगात बळही हवं. नुसत्या एका भाजीवर हे काम व्हायचं नाही.

कोपऱ्यावर बेकरी होती. कांजीबाई तिच्यासमोरून वर्षानुवर्षं नाक दाबून गेली होती. आज ती थांबली. काचेतल्या सगळ्यात मोठ्या, मलई भरलेल्या बनाकडे तिनं बोट केलं.

"किती देऊ, मावशी? घरी न्यायचेत?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"एकच," कांजीबाई म्हणाली. "आणि बांधू नकोस."

रस्त्याच्या मधोमध उभं राहून, कुणाला एक तुकडा न ठेवता, तिनं तो अख्खा बन खाल्ला.